आधी वाफ आवरा, मग गॅस घाला

फ्लेअरच्या, म्हणजे कारखान्यातला नको असलेला वायू जाळणाऱ्या उंच नळीच्या, टोकावर धूर नसला की सगळ्यांना हायसं वाटतं. कुंपणाबाहेरच्या वस्तीतून फोन येत नाही, शिफ्टच्या नोंदवहीत कारणं लिहीत बसावं लागत नाही, आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर निवळ, फिकट ज्योत दिसत राहते. काळा धूर म्हणजे वाईट जळण आणि धूर नाही म्हणजे चांगलं जळण, असं मीही बरीच वर्षं धरून चाललो होतो.

त्या समजाला तडा गेला तो एका रात्री. प्लांट बंद करून झाला होता. हेडरमधून, म्हणजे सगळा गॅस गोळा करणाऱ्या मोठ्या नळीतून, फ्लेअरकडे अगदी थोडा गॅस येत होता आणि त्यातही निम्मा नायट्रोजन. दुपारी धूर झाला तेव्हा तो घालवण्यासाठी वाफेचा व्हॉल्व्ह उघडलेला, तो तसाच राहिला होता. टोकावर ज्योत जवळजवळ दिसतच नव्हती. वाफेचा पांढरा ढग तेवढा वर चढायचा आणि थोड्या अंतरावर विरून जायचा. साध्या कॅमेऱ्यावर सगळं ठीक. मग कुणीतरी गॅस टिपणारा इन्फ्रारेड कॅमेरा आणून रोखला. ढग जिथे विरत होता त्याच्या कितीतरी पुढेपर्यंत न जळलेल्या गॅसचा करडा पट्टा वाऱ्याबरोबर सरकत चाललेला दिसला. किती तास तो तसा जात होता, ते कुणालाच सांगता आलं नाही.

तेव्हा आम्ही पूरक गॅसचा व्हॉल्व्ह उघडला. हेडरमध्ये नॅचरल गॅस मिसळू लागला, ज्योत पुन्हा उभी राहिली, पट्टा आखडला. वाफेला मात्र कुणी हात लावला नाही, कारण कमी केली आणि धूर झाला तर जबाबदार कोण? सकाळपर्यंत चांगला, विकत घेतलेला गॅस त्या वाफेच्या नाकावर टिच्चून जळत राहिला. चूक व्हॉल्व्ह उघडण्यात नव्हती, आधी कुठला फिरवायचा या क्रमात होती. तो क्रम नियमात आणि रोजच्या कामात पक्का बसवला पाहिजे, एवढंच मला सांगायचं आहे. पण त्यासाठी जरा खोलात जावं लागेल.

फ्लेअर हे मुळात सुरक्षेचं साधन. प्लांटमध्ये दाब वाढला, कॉम्प्रेसर अचानक बंद पडला, वीज गेली, तर आतला ज्वलनशील वायू कुठेतरी सोडावा लागतो. तो तसाच हवेत सोडला तर स्फोटाचा धोका, विषबाधेचा धोका. म्हणून उंच नळीच्या टोकावर तो जाळायचा. त्या मोठ्या प्रसंगासाठी फ्लेअरचं माप ठरतं. पण असे प्रसंग वर्षातून थोडे. बाकीच्या दिवसांत त्याच अजस्र टोकातून झिरपल्यासारखा गॅस येत असतो: गळक्या व्हॉल्व्हमधून आलेला, टाक्यांमधून निघालेला, हवा उलटी आत शिरू नये म्हणून मुद्दाम सोडलेला पर्ज गॅस. क्षमतेच्या एक टक्क्याहूनही कमी प्रवाह, ही फ्लेअरची नेहमीची अवस्था आहे. एवढी मोठी चूल आणि तीवर चहाचं आधण, असा तो प्रकार.

शिवाय या गॅसचं रूप दर तासाला बदलतं. मिथेन असला तर एका घनफुटाला सुमारे ९०० बीटीयू (बीटीयू हे उष्णतेचं एकक) उष्णता मिळते, प्रोपेन असला तर सुमारे २,३००. नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याकडून शून्य. नळ्या धुवून काढण्यासाठी नायट्रोजन सोडला की मिश्रण पातळ होत जातं आणि एका मर्यादेनंतर त्याला स्वतःच्या बळावर जळता येत नाही. टोकाशेजारचे पायलट, म्हणजे सतत पेटत्या ठेवलेल्या छोट्या ज्योती, जळत असतात, पण पायलटचं काम ठिणगी देण्याचं. जो वायू स्वतः जळायला तयार नाही, त्याला तेवढ्याशा ज्योती पुऱ्या पडत नाहीत. अशा वेळी बाहेरून नॅचरल गॅस किंवा प्लांटमधलाच फ्युएल गॅस मिसळून मिश्रणाचं उष्मांक मूल्य, म्हणजे एका घनफुटामागे मिळणारी उष्णता, वर आणावं लागतं. पूरक गॅस म्हणतात तो हा.

काहीजण म्हणतात, टाकाऊ वायू जाळण्यासाठी आणखी चांगलं इंधन जाळायचं हा शुद्ध वेडेपणा आहे. मला तो आक्षेप पटत नाही. त्या पातळ मिश्रणात बेंझिन असेल, ब्युटाडाईन असेल, हायड्रोजन सल्फाइड असेल, तर ते अर्धवट जळून खाली वस्तीवर उतरणं कुठल्याही इंधनबचतीपेक्षा महाग आहे. बेंझिन आणि ब्युटाडाईन दोन्ही माणसात कर्करोग घडवतात, याबद्दल आता वाद उरलेला नाही. तिथे पूरक गॅस घालायलाच हवा, आणि तो घालताना ज्या व्यवस्थापकाचा हात इंधनाच्या खर्चाकडे बघून आखडतो, तो आपला खर्च शेजाऱ्यांच्या फुफ्फुसांवर टाकतो. माझा मुद्दा पूरक गॅसविरुद्ध नाहीच. पातळपणा जेव्हा आपणच निर्माण केलेला असतो, तेव्हाही आपण पहिला हात गॅसच्या व्हॉल्व्हलाच घालतो, त्याला माझा विरोध आहे.

हा पातळपणा येतो वाफेतून. इथिलीन, प्रोपिलीन यांसारखे वायू जळताना आतल्या भागात हवा पुरत नाही, कार्बनचे कण तयार होतात आणि काळा धूर निघतो. टोकाभोवतीच्या कड्यातून वाफेचे झोत मारले की ते आपल्याबरोबर हवा ओढून आणतात, मिश्रण घुसळलं जातं, धूर जातो. उपाय नामी आहे. पण वाफ स्वतः जळत नाही. ती गरजेपेक्षा जास्त झाली की ज्योतीला थंड करते, पातळ करते आणि शेवटी विझवते. धूर होणं आणि ज्योत विझणं या दोन टोकांमध्ये चांगल्या जळणाचा एक पट्टा असतो. जोराच्या प्रवाहात तो रुंद असतो, बारीक प्रवाहात अगदी अरुंद. आणि टोक तापून खराब होऊ नये, वाफेच्या नळीत पाणी साठू नये म्हणून उत्पादकाने सांगितलेली किमान वाफ तर चोवीस तास चालूच ठेवायची असते. बारीक प्रवाहात ती किमान वाफच गरजेपेक्षा जास्त ठरते.

हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेत झालेल्या चाचण्यांमध्ये स्थिर ज्योत असलेला फ्लेअर ९८ टक्के वायू नष्ट करतो असं दिसलं. वाफ बेसुमार वाढवल्यावर कार्यक्षमता घसरते, हेही त्याच चाचण्यांत दिसलं होतं. पण लोकांनी उचलला तो फक्त ९८चा आकडा. १९८६ सालच्या तिथल्या नियमाने अट घातली की, वाफेची किंवा हवेची मदत घेणाऱ्या फ्लेअरकडे जाणाऱ्या गॅसचं उष्मांक मूल्य घनफुटाला किमान ३०० बीटीयू असावं, आणि दोन तासांत पाच मिनिटांपेक्षा जास्त धूर दिसू नये. नियम वाचायला सोपा, पाळायलाही सोपा. पण त्यात मोजमाप केलं जातं ते नळीतल्या गॅसचं, वाफ मिसळण्याआधीचं. नळीत ३०० बीटीयूचा गॅस आहे, वर त्याच्यात तिप्पट वाफ मिसळली, ज्योत गुदमरली, तरी कागदावर सगळं नियमात. आणि धुराला दंड असल्यामुळे प्रत्येक ऑपरेटरचा हात वाफ वाढवण्याकडेच वळणार. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या चुकीला शिक्षा आहे ती तो टाळतो, जी दिसत नाही ती होत राहते.

पुढे २०१० साली टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी, टेक्सासच्या पर्यावरण आयोगासाठी, टल्सा इथल्या चाचणी केंद्रावर पूर्ण आकाराच्या फ्लेअरवर प्रयोग केले. मुद्दाम बारीक प्रवाह घेतला, मुद्दाम कमी उष्मांकाचा गॅस घेतला, म्हणजे फ्लेअरचं रोजचं आयुष्यच चाचणीला बसवलं. जुना नियम तंतोतंत पाळूनही ९८ टक्के हाती लागेलच असं नाही, हे तिथे उघड झालं. त्याहून मोलाची गोष्ट ही की, सर्वांत चांगलं जळण धूर दिसू लागण्याच्या अगदी उंबरठ्यावर मिळालं. स्वच्छ, निवळ ज्योत हे यशाचं लक्षण नव्हतं. कडेला किंचित काळसर झाक येऊ पाहणारी पिवळी, भरघोस ज्योत हे होतं.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१५ साली तेलशुद्धीकरण कारखान्यांसाठी नवा नियम आणला, तेव्हा मोजमापाची जागाच बदलली. आता हिशेब नळीतल्या गॅसचा नाही, जिथे वाफ, गॅस आणि पूरक गॅस एकत्र येतात त्या जळणाच्या जागेचा. तिथल्या मिश्रणाचं उष्मांक मूल्य दर पंधरा मिनिटांच्या सरासरीने घनफुटाला किमान २७० बीटीयू हवं. मला हा बदल फ्लेअरच्या नियमांतला सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण त्यामुळे वाफ प्रथमच हिशेबात आली.

एक हिशेब मांडतो. आकडे सोपे पडावेत असे घेतलेत, पण प्रमाण वास्तवातलं आहे. समजा शंभर घनफूट गॅस येतोय, त्यात पंचावन्न मिथेन आणि बाकी नायट्रोजन. उष्मांक मूल्य साधारण ५००. जुन्या नियमात सहज बसणारा गॅस. त्यात २०० घनफूट वाफ चालू आहे. एकूण ५०,००० बीटीयू भागिले ३००, म्हणजे १६७. नव्या नियमाच्या खूप खाली. आता २७०वर यायचं तर दोन रस्ते आहेत. पहिला, वाफ २००वरून ८५वर आणायची. ५०,००० भागिले १८५, बरोबर २७०. दुसरा, वाफ आहे तशी ठेवायची आणि ९०० बीटीयूचा नॅचरल गॅस ओतत राहायचं. किती लागेल? जवळजवळ ५० घनफूट. म्हणजे मूळ गॅसमध्ये जेवढा मिथेन होता, जवळपास तेवढाच पुन्हा विकत घेऊन जाळायचा, आणि तोही आपणच सोडलेल्या वाफेची भरपाई म्हणून. वाफही फुकट येत नाही. तिच्यासाठी बॉयलरमध्ये आधीच इंधन जळलेलं असतं. दोन्हीकडून घाटा.

हवामानाच्या बाजूने बघितलं तर चित्र आणखी टोकदार होतं. धरून चालू की १६७वर मिथेनपैकी ९० टक्केच जळत होता आणि २७०वर ९८ टक्के जळतो. आधी साडेपाच घनफूट मिथेन न जळता जात होता. पूरक गॅस घातल्यावर सुमारे दोन घनफूट जाईल, म्हणजे साडेतीनच्या आसपास वाचला. पण त्यासाठी पन्नासेक घनफूट मिथेनचा कार्बन डायऑक्साइड नव्याने हवेत गेला. मिथेनची उष्णता धरून ठेवण्याची ताकद शंभर वर्षांच्या मापाने वजनावारी कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे तीसपट आणि वीस वर्षांच्या मापाने ऐंशीपटीहून थोडी अधिक धरतात. वीस वर्षांचं माप लावलं तर पूरक गॅसचा सौदा चांगला फायद्याचा ठरतो. शंभर वर्षांचं लावलं तर तोट्याचा. वाफ कमी करण्याचा रस्ता मात्र कुठलंही माप लावा, फायद्याचाच. त्यात नवं इंधन शून्य आणि वाचलेला मिथेन जास्त, चार घनफुटांहून थोडा वर.

हा हिशेब मी स्वतः कागदावर प्रथम मांडला तेव्हा अस्वस्थ झालो होतो. पूरक गॅस म्हणजे निखळ पुण्याचं काम असं मनात बसलेलं होतं. ते तसं नाही. ते औषध आहे, आणि औषधाला किंमत असते. गॅसमध्ये बेंझिनसारखं विष असेल तर ती किंमत विचार न करता मोजावी. नुसताच मिथेन आणि नायट्रोजन असेल तर आधी बाकीचे उपाय करून मगच मोजावी.

बाकीचे उपाय म्हणजे काही दिव्य नाहीत. वाफेच्या नळीवर मीटर हवा. हे वाचून हसू येईल, पण कित्येक जुन्या फ्लेअरवर गॅसचा मीटर असतो आणि वाफेचा नसतो, व्हॉल्व्ह किती टक्के उघडा आहे एवढंच कळतं. वाफ गॅसच्या प्रमाणात आपोआप कमी-जास्त व्हायला हवी, आणि बारीक प्रवाहातही नीट पकडता येईल असा लहान व्हॉल्व्ह मोठ्याच्या जोडीला हवा. एकाच मोठ्या व्हॉल्व्हने बारीक प्रवाह सांभाळणं म्हणजे घणाने टाचणी ठोकणं. किमान वाफेचा आकडा उत्पादकाशी बसून पुन्हा तपासायला हवा. तो आकडा टोक वाचवण्यासाठी ठरलेला असतो, जळण वाचवण्यासाठी नव्हे, आणि त्यात बऱ्याचदा सोयीची भरपूर चरबी असते. पर्जसाठी नायट्रोजन वापरत असाल तर तो लागतो तेवढाच सोडतोय का, हेही पाहावं. हेडर हवेपासून सुरक्षित ठेवायला जेवढा लागतो त्याच्या कितीतरी पट नायट्रोजन वर्षानुवर्षं वाहताना मी पाहिला आहे, केवळ कुणीतरी एकदा तो व्हॉल्व्ह तिथे ठेवला म्हणून.

आणि या सगळ्याच्या आधी, फ्लेअरकडे गॅस जाऊच नये यासाठीची धडपड. गळके रिलीफ व्हॉल्व्ह (दाब वाढला की उघडणारे) शोधणं, रोजचा गॅस कॉम्प्रेसरने ओढून पुन्हा इंधन म्हणून वापरणं. हे करणारे कारखाने आहेत आणि त्यांचा फ्लेअर बहुतेक दिवस जवळजवळ शांत असतो. जागतिक बँकेच्या उपग्रह-आधारित मोजणीनुसार २०२४ साली जगभरात तेल उत्पादनाच्या जागी १५१ अब्ज घनमीटर गॅस फ्लेअरवर जाळला गेला, २००७नंतरचा सर्वाधिक. तो जळला असं आपण म्हणतो. २०२२ साली 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या तीन मोठ्या तेलक्षेत्रांवर विमानातून मोजमाप झालं, तेव्हा ९८ टक्क्यांच्या गृहीतकाऐवजी प्रत्यक्षात ९१ टक्केच मिथेन नष्ट होताना आढळला. काही फ्लेअर नीट जळत नव्हते आणि काही चक्क विझलेले होते. विझलेल्या फ्लेअरला पूरक गॅस घालून काय उपयोग? तिथे पायलट आणि देखरेख यांचाच प्रश्न आहे. रोगाचं नाव नीट घेतल्याशिवाय औषध ठरवू नये, ते यासाठी.

उलटंही घडतं. हायड्रोजनचंच घ्या. आकारमानाने त्याचं उष्मांक मूल्य कमी, घनफुटाला २७५ बीटीयूच्या जवळपास. पण हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत तो पेट घेतो आणि ज्योत अतिशय वेगाने पसरते. हायड्रोजन भरपूर असलेला गॅस उष्मांकाच्या मोजपट्टीवर नापास होतो आणि प्रत्यक्षात उत्तम जळतो. मोजपट्टी आंधळेपणाने लावली तर अशा फ्लेअरमध्ये गरज नसताना नॅचरल गॅस ओतला जाईल. २०१५च्या नियमाने म्हणूनच हायड्रोजनला हिशेबात १,२१२ बीटीयू धरायची मुभा दिली. नियम करणाऱ्यांनी ज्योतीकडे पाहून नियम केला की असं होतं. त्यातून एवढं तरी घ्यावं की उष्मांक मूल्य हे जळणाचं प्रतिनिधी माप आहे, जळणच नव्हे. जिथे परवडतं तिथे धुरातल्या वायूंचं थेट मोजमाप करणारे कॅमेरे आणि वर्णपटमापक वेळोवेळी लावून हिशेबाची परीक्षा घेतली पाहिजे.

आता अवघड भागाकडे येतो. वाफ कमी करायची म्हणजे ज्योत धुराच्या उंबरठ्यावर न्यायची, आणि उंबरठ्यावर चालणारा कधीतरी पाय अडखळून आत पडणारच. अधूनमधून थोडा धूर होईल. कुंपणाबाहेरच्या माणसाला तो दिसेल आणि त्याचा संताप योग्यच असेल. काजळी काही निरुपद्रवी नाही, ती छातीत जाते, हवाही तापवते. तरी मी म्हणतो की मिनिटभराच्या फिकट धुराला जेवढी शिक्षा आहे, तेवढीच किंवा त्याहून जास्त शिक्षा तासन्‌तास न दिसता निसटणाऱ्या गॅसला असायला हवी. दिसणारं प्रदूषण टाळण्यासाठी न दिसणारं वाढवायचं आणि वस्तीला सांगायचं की बघा, धूर नाही, ही फसवणूक आहे. मुद्दाम केलेली नसली तरी ज्याच्या घरात तो गॅस शिरतो त्याच्यासाठी फरक पडत नाही.

ही गोष्ट वस्तीशी मोकळेपणाने बोलूनच जमेल. आज बाहेरच्या माणसाकडे फ्लेअर तपासण्याचं एकच साधन आहे, त्याचे डोळे, आणि डोळ्यांना चुकीचंच दिसतं. म्हणून माझी मागणी नेमकी आहे. जळणाच्या जागेचं उष्मांक मूल्य पंधरा मिनिटांच्या टप्प्याने ऑपरेटरच्या पडद्यावर धुराच्या कॅमेऱ्याच्या शेजारीच दिसावं, म्हणजे एकाकडे बघताना दुसऱ्याचा विसर पडणार नाही. हेच आकडे महिन्याच्या महिन्याला जाहीर व्हावेत. सोबत किती वाफ वापरली आणि किती पूरक गॅस घातला हेही यावं, आणि पूरक गॅस ज्या ज्या वेळी घातला त्या वेळी वाफ किमान पातळीवर आणलेली होती की नाही, याची नोंद असावी. नसेल तर का नाही, हे कारखान्याने लेखी सांगावं. नियामकाने पूरक गॅसला मान्यता देताना हा क्रम अट म्हणून घालावा: आधी गळती, मग नायट्रोजन, मग वाफ, आणि तरीही ज्योत अपुरी पडली तर गॅस, पण तेव्हा हात न आखडता. विषारी वायू येत असेल आणि ज्योत ढासळत असेल तर अर्थात गॅस त्याच क्षणी घालावा आणि वाफेची दुरुस्ती त्याच्या पाठोपाठ करावी. क्रम हा शहाणपणासाठी आहे, कुणाला तिष्ठत ठेवण्यासाठी नाही.

त्या रात्रीनंतर आम्ही केलेलं पहिलं काम म्हणजे वाफेच्या नळीवर मीटर बसवणं. पहिल्याच आठवड्यात कळलं की बारीक प्रवाहाच्या रात्री आम्ही हिशेबाने लागते त्याच्या दुपटीहून जास्त वाफ सोडत होतो. ती उतरवल्यावर पूरक गॅसचा व्हॉल्व्ह बहुतेक रात्री बंदच राहू लागला, आणि ज्योत पिवळी दिसू लागली.